एटीसीची नोकरी खरंच कशी असते? (एपिसोडचं लिखित रूप)

चाकूरहून तुमचा नेहमीचा आवाज, आज अक्षरांमधून. एसटीत रेंज जाते, हेडफोन घरी राहतो, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच बरं वाटतं, अशा सगळ्यांसाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलण्यातलं 'म्हणजे, म्हणजे' काढून टाकलंय आणि आकडे जरा नीट मांडलेत.

विषय निवडला तुम्हीच. विमानतळ प्राधिकरणाची, म्हणजे एएआयची भरती निघाली की लातूर, अहमदपूर, उदगीर, नांदेडकडून एकाच प्रकारचे मेसेज येतात. "दादा, बीएस्सी फिजिक्स झालंय, एटीसीचा फॉर्म भरू का?" "सर, बीटेक आहे, कंटाळा आलाय, एटीसी कसं राहील?" आता मी कंट्रोलर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण माझा एक वर्गमित्र या नोकरीत आहे आणि गेली काही वर्षं मी त्याला छळून छळून प्रश्न विचारतोय. शिवाय या क्षेत्राचे नियम आणि अपघातांचे चौकशी अहवाल वाचायची मला खोड आहे. त्यावर हा एपिसोड.

आधी गैरसमज बाजूला करू. मित्राच्या गल्लीत अजूनही लोक सांगतात, "ते पोरगं विमानाला झेंडे दाखवतंय." नाही हो. विमान पार्किंगमध्ये येताना समोर उभं राहून हातातल्या काठ्यांनी खुणा करतो तो मार्शलर, ते वेगळं काम. कंट्रोलर विमान चालवतही नाही, ते पायलटचं काम. आणि "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणणारा आवाजही त्याचा नाही. प्रवाशाला कंट्रोलरचा आवाज कधीच ऐकू येत नाही.

मग तो करतो काय? एका शब्दात सांगायचं तर तो अंतर राखतो.

अंतर म्हणजे किती?

जेट विमान साधारण ताशी ८५० किलोमीटरने जातं, म्हणजे मिनिटाला १४ किलोमीटर. चाकूर ते लातूर सरळ रेषेत धरलं तर अडीच मिनिटांत पार. दोन विमानं समोरासमोर येत असतील तर त्यांच्यातलं अंतर मिनिटाला २८ किलोमीटरने कमी होतं. समोरचं विमान पायलटच्या डोळ्याला ठिपका म्हणून दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून जमिनीवर कुणीतरी असं लागतं, ज्याला दोघंही दिसतात.

नियम ऐकायला सोपा आहे. दोन विमानांमध्ये एक तर उंचीचा फरक किमान १,००० फूट हवा, किंवा आडवं अंतर पुरेसं हवं. रडारवर दिसत असताना वाटेतल्या विमानांसाठी हे आडवं अंतर बहुतेक ठिकाणी ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर असतं. विमानतळाजवळ ते ३ मैलांपर्यंत येतं. दोन्हींपैकी एक तरी कायम असलं पाहिजे. दोन्ही एकदम मोडलं तर धडक झाली नाही तरी ती गंभीर घटना, आणि तिची चौकशी होते.

सोपंय ना? आता हेच १२-१५ विमानांसाठी करा. प्रत्येकाचा वेग वेगळा, कुणी चढतंय, कुणी उतरतंय, एकाला ढग टाळायला डावीकडे जायचंय, सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतायत, आणि एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघं एकदम बोलले की नुसती किर्रर्र.

एक विमान, चार-पाच आवाज

मुंबईहून नागपूरला जाणारं विमान घ्या. जागेवर उभं असताना त्याला मार्गाची परवानगी एक जण देतो. धावपट्टीपर्यंत नेणारा 'ग्राउंड'. धावपट्टी ज्याच्या ताब्यात आहे तो 'टॉवर', हाच काचेच्या खोलीत बसलेला माणूस. मुंबईचा टॉवर जवळपास ८४ मीटर उंच आहे, बहुतेकांच्या डोळ्यासमोर तोच येतो. पण विमान हवेत गेलं की टॉवरचं काम लगेच संपतं. पुढे 'अप्रोच', आणि उंचावर गेल्यावर 'एरिया कंट्रोल'. हे लोक बिनखिडक्यांच्या अंधाऱ्या खोलीत स्क्रीनसमोर असतात. आपल्या डोक्यावरून रात्री लुकलुकत जाणारी विमानं ज्यांच्याशी बोलतात त्यांनी ते विमान डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं. त्यांच्यापुढे असतो एक ठिपका, त्याच्याशेजारी नाव, उंची आणि वेग.

प्रत्येक जण विमान पुढच्याकडे सोपवतो. याला हँडओव्हर म्हणतात, आणि मित्राच्या मते सगळ्यात जास्त काळजी इथेच घ्यावी लागते. आमच्याकडं रिलेमध्ये बॅटन पडते ती पळताना नाही, हातातून हातात जाताना. तसंच.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सगळीकडे एएआयचेच कंट्रोलर नसतात. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, तिथे हवाई दलाचे लोक एटीसी बघतात. गोव्याच्या दाबोळीला नौदल. नाशिकच्या ओझरला एचएएल.

बोलण्याचं व्याकरण

आता माझ्या आवडीचा भाग. आम्ही सॉफ्टवेअरवाले दोन कॉम्प्युटरमध्ये संदेश पाठवतो तेव्हा "मिळाला" अशी पोच येते. एटीसीत पोच त्याहून कडक. कंट्रोलर म्हणतो, "अमुक विमान, उतर, फ्लाइट लेव्हल १५०", म्हणजे १५,००० फूट. पायलटनं नुसतं "ओके" म्हणून चालत नाही. तोच आकडा परत म्हणून दाखवायचा. याला रीडबॅक म्हणतात. आणि कंट्रोलरने तो ऐकायचा. ही शेवटची पायरी सगळ्यात अवघड. कारण आपण १५० म्हणलेलं असतं, त्यामुळे समोरच्यानं १४० म्हणलं तरी कानाला १५० च ऐकू येतं. मेंदू आपल्याला हवं ते ऐकवतो. हे काम म्हणजे रोज आठ तास त्या सवयीविरुद्ध भांडणं.

आकडे उच्चारायची पद्धतही ठरलेली. नऊला 'नाइनर', तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ'. गंमत म्हणून नाही. खरखरीतून 'फाइव्ह' आणि 'नाइन' सारखेच ऐकू येतात, म्हणून.

यातला बराचसा नियम माणसं गेल्यावर आलेला आहे. २७ मार्च १९७७ ला तेनेरिफे बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच धडकली, ५८३ माणसं गेली. एका पायलटला उड्डाणाची परवानगी मिळालीच नव्हती, पण संवादात 'टेक-ऑफ' आणि 'ओके' असे शब्द येऊन गेले होते. त्यानंतर ठरलं की 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. बाकी वेळी 'डिपार्चर' म्हणायचं. एका शब्दाची जागा ठरवायला एवढी किंमत पडली.

आपल्या देशातली घटना चरखी दादरीची, १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं जंबो १४,००० फुटांवर. समोरून दिल्लीकडे उतरणारं कझाकस्तानचं विमान, त्याला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं. कंट्रोलरने समोर विमान असल्याचंही सांगितलं. कझाक विमान १५,००० वर थांबलं नाही, खाली आलं. ३४९ जण गेले, एकही वाचला नाही. तेव्हाच्या दिल्लीच्या रडारवर विमानाची जागा दिसायची, उंची दिसायची नाही. उंची पायलट सांगेल तीच खरी धरायची. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांची वाटही एकच होती. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारी रडारं आली आणि धडक टाळायचा इशारा देणारं यंत्र विमानांत सक्तीचं झालं.

मुद्दा लक्षात घ्या. कंट्रोलरने बरोबर सूचना दिली तरी काम संपत नाही. ती पोचली का, कळली का, पाळली जातेय का, हे सगळं बघावं लागतं. आणि तोवर पुढची चार विमानं बोलत असतात.

मुंबईचं कोडं

काम किती घट्ट असू शकतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. चौकातले दोन रस्ते समजा. दोन्हीकडून एकदम गाड्या सोडता येत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात काम एका वेळी एकाच धावपट्टीवर. तरी ८ डिसेंबर २०१८ ला तिथून २४ तासांत १,००७ विमानं उतरली-उडाली. भागाकार करा. सरासरी ८६ सेकंदाला एक. आणि ही सरासरी आहे, गर्दीच्या तासाला याहून कमी.

त्यात प्रत्येक विमान सारखं नसतं. मोठ्या विमानाच्या पंखांमागे हवेचे भोवरे राहतात. मागून छोटं विमान लगेच आलं तर ते त्यात हेलकावतं, म्हणून मोठ्यामागे छोटं असेल तर जास्त अंतर. उतरलेल्या विमानाने धावपट्टी सोडायला दहा सेकंद जास्त घेतले, तर मागच्याला "परत वर जा, पुन्हा फिरून ये" सांगावं लागतं. याला गो-अराउंड म्हणतात. प्रवासी घाबरतात, व्हिडिओ काढतात. खरं तर तो कुणीतरी वेळेवर घेतलेला शहाणा निर्णय असतो. पण त्या एका विमानासाठी रांगेत नवी जागा करायची म्हणजे मागच्या सगळ्यांना हलवायचं.

बटण दाबून थांबवता येत नाही

आमच्या धंद्यात रात्री सिस्टिम पडली की आम्ही काय करतो? जुनी आवृत्ती परत टाकतो, 'देखभाल सुरू आहे' अशी पाटी लावतो, चहा घेतो, मग दुरुस्त करतो. इथे पाटी लावता येत नाही. हवेतलं विमान थांबत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीला हेच दिसलं. विमानांचे प्रवास-आराखडे कंट्रोलरच्या यंत्रणेपर्यंत आपोआप पोचवणारी संदेश-प्रणाली बिघडली. रडार बंद पडलं नव्हतं, रेडिओ चालू होता. पण जी माहिती आपोआप यायची ती हाताने भरायची वेळ आली. आठशेहून जास्त विमानांना उशीर झाला. टीव्हीवर दिवसभर प्रवाशांचा संताप दाखवला. मला त्यात दुसरी गोष्ट दिसली: उशीर झाला, पण अपघात झाला नाही. यंत्रणा अर्धवट असताना कंट्रोलर एकच गोष्ट करतो. विमानांमधलं अंतर वाढवतो, तासाला सोडायची विमानं कमी करतो. उशीर ही त्याची सुरक्षेची चावी आहे.

म्हणून पुढच्या वेळी पायलट "एटीसीची परवानगी नाही, वीस मिनिटं थांबावं लागेल" म्हणाला तर शिव्या घालण्याआधी एवढं आठवा.

शरीर आणि रात्र

आता नोकरीचा जो भाग कोचिंगच्या जाहिरातीत नसतो तो. मोठी विमानतळं चोवीस तास चालतात, म्हणजे पाळ्या: सकाळ, दुपार, रात्र. दिवाळीला, महालक्ष्म्यांना, घरच्या लग्नाला सुट्टी मिळेलच असं नाही, कारण सणाला विमानं वाढतात. स्क्रीनसमोर सलग बसायच्या वेळेवर मर्यादा असते, मध्ये सक्तीची विश्रांती. ही विश्रांती लाड नाही. दोन तास पूर्ण लक्ष दिल्यावर माणूस स्वतःला ताजा वाटतो, पण असतो थकलेला. शिवाय ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी, ड्यूटीवर मद्यचाचणी, इंग्रजी बोलण्याची परीक्षा. यातलं एक अडलं की स्क्रीनसमोर बसता येत नाही.

हे नियम ढिले पडले की काय होतं? १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमानं धडकली, ७१ जण गेले, त्यात बरीच शाळकरी मुलं. तो भाग स्वित्झर्लंडमधून सांभाळला जात होता. एकच कंट्रोलर दोन स्क्रीन बघत होता, कारण दुसरा विश्रांतीला गेला होता आणि तशी पद्धतच पडली होती. यंत्रणेच्या देखभालीचं काम चालू होतं, मुख्य फोन बंद होता. त्याला धोका दिसला तेव्हा एक मिनिटही उरलं नव्हतं. एका विमानातल्या यंत्राने 'वर जा' सांगितलं, कंट्रोलरने त्याच विमानाला 'खाली ये'. पायलटनं माणसाचं ऐकलं. दोन वर्षांनी त्या कंट्रोलरचा खून झाला. मारणारा होता त्या अपघातात बायको आणि दोन लेकरं गमावलेला बाप. पुढे २००७ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या चार जणांना दोषी धरलं.

हा एपिसोड रेकॉर्ड करताना मी इथे थांबलो होतो. कारण यात खलनायक सापडत नाही. सापडते ती एक सवय: "चालतंय की, रात्रीची गर्दी नसते." कुठल्याही ऑफिसात ऐकू येणारं वाक्य.

मग फॉर्म भरायचा का?

आता तुमच्या प्रश्नाकडे. एएआयच्या अलीकडच्या जाहिरातींप्रमाणे पद असतं ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, एअर ट्रॅफिक कंट्रोल. पात्रता: फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन तीन वर्षांची बीएस्सी, किंवा कुठल्याही शाखेचं बीई-बीटेक, ज्यात एखाद्या तरी सेमिस्टरला फिजिक्स आणि मॅथ्स होतं. वयाची मर्यादा खुल्या वर्गाला २७, राखीव गटांना नियमाप्रमाणे सवलत. कॉम्प्युटरवर लेखी परीक्षा. नंतर आवाजाची चाचणी, मानसिक क्षमतेची चाचणी, अमली पदार्थांची तपासणी, वैद्यकीय. मूळ वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,०००, वर भत्ते. तरी चालू जाहिरात स्वतः वाचा, माझ्या शब्दावर फॉर्म भरू नका.

निवड झाली की प्रशिक्षण. प्रयागराजचं जुनं कॉलेज, १९४८ पासूनचं. हैदराबाद. आणि आपल्या राज्यात गोंदियाची संस्था. पण तिथून बाहेर पडलं की लगेच माइक हातात मिळत नाही. ज्या विमानतळावर नेमणूक, तिथल्या त्या खुर्चीसाठी जुन्या कंट्रोलरच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम शिकायचं, परीक्षा द्यायची, मग त्या खुर्चीचा परवाना. बदली झाली की नव्या ठिकाणी पुन्हा शिकायचं. कारण मुंबईचं आकाश कळलं म्हणजे गुवाहाटीचं कळलं असं होत नाही. आणि बदली देशात कुठेही. नांदेडच्या आशेवर बसू नका.

लेखी परीक्षेची मला आपल्या पोरांची काळजी वाटत नाही. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्याला फिजिक्स-मॅथ्सचे एमसीक्यू म्हणजे रोजचं जेवण. काळजी आहे पुढची. आपल्याकडं दहावीपासून एकच गोष्ट मोजली जाते: उत्तर किती पटकन आलं. या नोकरीत दुसरंच मोजतात. नीट ऐकलं का? खात्री नसेल तर "पुन्हा सांगा" म्हणायची लाज वाटली का? ट्युशनमध्ये "सर, कळलं नाही" म्हणायला हात वर न करणारी आपण माणसं. इथे 'से अगेन' हा रोज शंभरदा वापरायचा शब्द आहे, आणि तो न वापरणारा माणूस धोकादायक. हुशारी दारापर्यंत नेते. आत लागतं ते लक्ष, आणि तेही रात्री तीन वाजता, काहीच घडत नसताना.

इंग्रजीचंही तेच. फाडफाड यायची गरज नाही. थोडे शब्द, स्पष्ट उच्चार, एका वेगात. उलट फार सफाईदार बोलणारा घाई करतो.

म्हणून फॉर्म भरण्याआधी घरीच एक करून बघा. मित्राला फोनवर पाच-सहा आकड्यांच्या ओळी वाचायला सांगा. मागे टीव्ही चालू ठेवा. तुम्ही त्या परत म्हणा, आणि त्याने मुद्दाम एखादा आकडा बदलून वाचला तर पकडा. अर्धा तास, न कंटाळता. पहिल्या दहा मिनिटांत मजा येईल. खरी परीक्षा पंचविसाव्या मिनिटाला आहे. तिथेही तुमचा कान जागा असेल तर जाहिरात निघाल्या दिवशी फॉर्म भरा. नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, फिजिक्सवाल्याला दुसरी बरीच दारं आहेत.

तुमच्यापैकी कुणी या नोकरीत असेल, किंवा ट्रेनिंग मध्येच सोडून आलं असेल, तर मेसेज करा. सोडून आलेल्यांचं तर मला जास्त ऐकायचंय, कारण त्यांना कुणी विचारत नाही. तोवर, भेटू पुढच्या एपिसोडला.